आमची छडी वेगळी

"मार. आवाज मला इथवर आला पाहिजे," गुरुजी म्हणाले.

ज्याला मारायचं तो माझा सख्खा भाऊ. पहिलीतला. मी चौथीत.

पलूसच्या अलीकडं आमचं गाव. महारवाड्यातली आम्ही दोघंच शाळेत, तीही पडवीत. वर्ग आत. आतल्या मुलांना गुरुजी स्वतः छडी मारत. आम्हाला मारलं तर विटाळ! म्हणून त्यांनी तोड काढली होती. आमची छडी वेगळी, निरगुडीची. ती आम्हीच तोडून आणायची. माझं चुकलं तर भावानं मला मारायचं, त्याचं चुकलं तर मी त्याला. याला ते शिस्त म्हणत. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. साहेब हसले.

मीही मारत आले होते. ते लपवत नाही. लाज वाटते.

त्या दिवशी जुनी छडी मोडली, म्हणून भाऊ नवी घेऊन आला. चांगली सरळ बघून तोडलेली. पोराला वाटलं, गुरुजी शाबासकी देतील. आत गेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आला. एवढाच गुन्हा. गुरुजींनी एका मुलाकडून टेबलावर पाणी शिंपडून घेतलं. मग हुकूम सुटला. बारा छड्या.

चार मारल्या. हात सुजला त्याचा. पाचवीला त्यानं हात पुढं धरला आणि माझ्याकडं बघितलं. गुरुजींकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्याच्या लेखी मारणारी मीच होते. माझं डोकं भणभणलं. काम त्यांचं, हात माझा, आणि वैर आम्हा भावंडांत!

छडी खाली टाकली.

"न्हाई मारणार, गुर्जी. मारायचं आसंल तर तुमी हितं या. तुमच्या हातानं मारा."

गुरुजी ताडकन उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

"माजलीस! दोघांची नावं खोडतो."

संध्याकाळी आईनं कपाळ बडवून घेतलं. "आगं, आनखी आठ मारल्या आस्त्यास तर मरत हुता व्हय त्यो? साळा तरी ऱ्हायली आस्ती!" तिचंही खोटं नव्हतं. भाऊ पुन्हा शाळेची पायरी चढला नाही. लोकांची गुरं राखायला लागला. माझ्याशी लय दिवस बोलला नाही.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पडवीत बसले. तिसऱ्या दिवशीही.

"तुझं नाव नाही. ऊठ."

"नाव न्हाई. मी हाय."

पत्री सरकारचे दिवस होते. इंग्रज जाणार, असं जो तो म्हणत होता. आमच्या पडवीत कोण येणार होतं? कोणी नाही. तेव्हाच पक्कं केलं. आपल्याच माणसाला मारून मिळणारी अक्षरं मला नकोत. पण अक्षरं सोडणारही नाही. मला इथून काढायचं असेल तर दंडाला धरून ओढा. विटाळ होईल तो तुमचा.