चाकोरीतले झिरे

"गप बसा. पानी यायलंय."

सगळ्या गावाची मावशी असं म्हणाली की नदीत बसलेल्या बायकांच्या गप्पा जागच्या जागी थांबत. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि उन्हाळ्यात आमची गंगा म्हणजे नुसती पांढरी वाळू. त्या वाळूत हातानं कोपरभर खड्डा उकरायचा आणि बसून राहायचं. तळ आधी काळसर होतो, मग ओला, मग हळूच आभाळाचा एक तुकडा खाली दिसायला लागतो. हा आमचा झिरा. गावातले बोअर चैत्रातच कोरडे पडायचे, टँकरचं तर नावच नको. अख्खं गाव या झिऱ्यांवर जगायचं.

तुम्ही कधी पाणी येताना पाहिलंय का? नळाचं नव्हे हो. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी घागर घेऊन जायचो आणि बघतच बसायचो. "आप्पा, जागे हाव का झोपलाव?" मावशी चिडवायची. मला खरंच सांगता यायचं नाही.

झिऱ्याला मावशीचे कायदे होते. खोरं लावायचं नाही, चपला लांब काढायच्या, पहिली वाटी पाखरांसाठी बाजूला ओतायची. एकदा कुणी साहेब बूट घालून पाहणीला आला. "सायब, देवघरात बी असंच जाताव का?" मावशीनं विचारलं. बिचारा तापल्या वाळूत अनवाणी नाचत परत गेला. आम्ही पोट धरून हसलो.

मग वाळू न्यायला ट्रॅक्टर यायला लागले. पात्रात चाकोरी पडली आणि झिऱ्यांचं पाणी खोल खोल चाललं. तालुक्याला जाऊन सांगितलं, तर "बघू" म्हणाले. मावशी भडकली. "वाळू गेली तर पानी कशात ऱ्हाईल? लेकरं काय पितील?" दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं सगळ्या बायका नेल्या आणि थेट चाकोरीतच झिरे उकरायला लावले. प्रत्येकीपाशी एक हंडा, एक वाटी.

ट्रॅक्टर आला. हॉर्न वाजला. मावशी हलली नाही.

"मावशे, सरक की! मालक बोंबलंल."

"सरकते. आदी पानी पी."

ड्रायव्हर उतरला, वाटीभर प्याला आणि झिऱ्याकडं बघत उभा राहिला. "आता ह्या पान्यावरून टायर कसं घालू?" म्हणाला आणि ट्रॅक्टर मागं घेतला. त्याच्या मागून आलेला दुसरा ट्रॅक्टर वाळूत रुतला, तो बायकांनीच ढकलून दिला! त्या दिवशी मला मावशीचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

पण पहारा सोडता येईना. दुपारी बाकीच्या घरी जायच्या. ही डोक्यावर पदर घेऊन तिथंच. "मावशी, ऊन लय हाय," मी म्हणायचो. "मला काय हुतंय?" म्हणून हसायची. ज्येष्ठात एका दुपारी ऊन लागून पडली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली. लोक म्हणतात, उन्हानं नेली. मी म्हणतो, वाळूच्या ट्रॅक्टरांनी.

आमची वाळू राहिली. ट्रॅक्टर वरच्या अंगाच्या गावाकडं वळले. या उन्हाळ्यात तिथल्या बायका मावशीला विचारत माझ्या दुकानी आल्या. ती गेली म्हटल्यावर परत फिरायला लागल्या. मला राहवेना. दुकान बंद करून त्यांच्याबरोबर निघालो.

त्यांच्या पात्रात बसलो, हातानं उकरलं. मनगट बुडेपर्यंतच वाळू संपली. खाली काळी माती, कोरडीठाक.

"आजून खाली उकरू का, आप्पा?" एकीनं विचारलं.

मावशीनं खरं काय ते सांगितलं असतं. मी म्हणालो, "उकरा."