भाचीच्या हातात पाय

आमच्या वडीगोद्रीच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंवर माझा जुना राग आहे. पत्र्याने अंगठा कापून रक्त गळत असताना त्यांनी मला रांगेत उभं केलं होतं. गावात माझ्याशी घासाघीस करून कोणी जिंकत नाही, पण या बाई मान वर करूनही बघत नाहीत. कोरडे हात रुमालाने पुसत राहतात.

तरी माझ्याकडे राहून शिकलेल्या भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "कॉलेजला दोन महिने आहेत. तोवर तिच्याकडून काय वाचून घ्यावं?"

"वाचायचं तिथं हायेच. मी येते घरी."

आल्या आणि मलाच खाटेवर झोपवलं. भाचीपुढे कोमट पाण्याचं घमेलं ठेवलं. "मामाचे पाय धू."

मी ताडकन उठलो. "बाई, भाचीला पायाला हात लावू देत न्हाईत! उलट आम्ही तिच्या पाया पडतो."

"सिस्टर, दुसऱ्या कोणाचेबी धुते," भाची म्हणाली.

"वॉर्डात पेशंट निवडून मिळत न्हाईत. जमत नसंल तर जाऊच नको."

पोरीने डोळे पुसले आणि माझी टाच धरली. पाप तिला लागतं की मला, तेच कळेना. पाय ओढावा, तर तिचं कॉलेज जाईल. एक पाय धुऊन होताच मी घाईने उठून तिच्या पायाशी वाकलो.

बाईंनी खांदा धरून मला परत आडवं केलं.

"पेशंटनं हलायचं न्हाई, भाऊ. दुसरा पाय राह्यलाय."