चिंचेवरची वटवाघळं

वामन मास्तर गेल्याचं मूल गावच्या बाजारात कळलं, आणि आधी आली ती भीती. दुःख मागाहून आलं. आता ते गुपित माझ्या एकट्याजवळ उरलं होतं. महिना झाला, रोज लिहायला बसतो आणि पेन खाली ठेवतो...

पन्नासच्या दशकात मास्तर आमच्या गावच्या शाळेत आले. मी विशीतला, नुकतं लग्न झालेला, अंगात मस्ती. मास्तर शिकवायचे चौथीपर्यंत, पण वेड झाडांचं. रानात चप्पल विसरतील, फूल विसरणार नाहीत. एकदा मला पळसाखाली उभं करून म्हणाले, "हा लाल भडक, पण वास हाय काय? नाई. याचं गिऱ्हाईक पाखरू, त्याले रंग दिसला की पुरे. आता मोह पाह्य. फिक्कट फुलं, अंधार पडल्यावर उमलतेत, वास गावभर. त्याचं गिऱ्हाईक वटवाघूळ."

"म्हणजे झाडानं गिऱ्हाईक पाहून दुकान मांडलं?" मी चेष्टा केली.

"झाडाले काय समजते? ज्याचं गिऱ्हाइकाशी जमलं त्यालेच बी लागलं, त्याचीच पोरं उरली. हजारो पिढ्या गेल्या असतीन."

त्याच फाल्गुनात आमच्या मोहाखाली सकाळी चावून चोथा झालेली फुलं पडू लागली. वेचता वेचता आई वटवाघळांना शिव्या घालायची. वटवाघळं दिवसभर तळ्यावरच्या चिंचेला लटकलेली असत. एका बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं पाहून, मी चिंचेखाली मिरच्यांचा धूर केला. सगळा थवा भर उन्हात उठला आणि वैनगंगेकडे गेला. मला वाटलं, गड जिंकला.

संध्याकाळी मास्तर दारात उभे. "तुह्या दुपट्ट्याले मिरचीचा वास येऊन राह्यला, गणपत." मी दुपट्टा काढून खुंटीला टांगला. ते आभाळाकडे पाहत राहिले.

फुलं टोपल्या भरभरून मिळाली. पण ज्येष्ठात पाहावं तर गावातल्या एकाही मोहाला धड फळ नाही. वर्षाचं तेल या फळांच्याच बियांचं. घरोघरी काळजी पसरली. वटवाघळं गेली आणि फळही गेलं, हे लोकांनी जोडलं, आणि कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. चिंचेजवळ सोमा ढिवराची झोपडी होती. धूर त्याच्याच अंगणातून निघाला, असं कुणीतरी म्हणालं. पंचांनी त्याला तळ्यात जाळं टाकायची मनाई केली.

"तू सांगतो का मी सांगू?" मास्तरांनी विचारलं.

"उद्या सांगतो." रोज मी हेच म्हणालो. आठवडाभरात सोमा आणि त्याची बायको जाळं डोक्यावर घेऊन नदीकडे निघून गेले. मास्तरही बोलले नाहीत. नवी नोकरी, की माझी मैत्री, कोण जाणे. मी त्यांना कधी विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून दिवेलागणीला ते अंगणात स्टूल टाकून तळ्याकडे तोंड करून बसू लागले. तिसऱ्या वर्षी वटवाघळं परतली, पुढे मोहही लगडले. तरी स्टूल काही हललं नाही.

शेवटच्या भेटीत खाटेवरून त्यांनी विचारलं, "आला काय?"

"आली ना, मास्तर. चिंच भरली हाय."

"वटवाघळं नाई रे... सोमा."

आज संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेलो. स्टूल तसंच, तळ्याकडे तोंड करून. त्यावर बसलो. सोमाची नातवंडं सावली गावाकडे असतात म्हणे. उद्या त्यांच्याकडे जायचं आहे. चिंचेवरून वटवाघळं मोहांकडे निघाली. अंधार पडायच्या आत मी कागद काढला आणि पहिली ओळ लिहिली: धूर मी केला होता.