पैनगंगेच्या पुराची कॅसेट

सीमेपलीकडे, तेलुगू मुलखात, बेल्याकडच्या एका गावातल्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचो. जुने विद्यार्थी आता लग्नाकार्यात भेटले, की पंगत उठेपर्यंत विषय निघतोच: आमचा स्लाइड-शो. किस्से संपत नाहीत, उलट दर लग्नात एखादा नवीनच निघतो. आता अशा प्रोजेक्टला मल्टिमीडिया म्हणतात. तेव्हा, नव्वदच्या आसपास, आमच्याजवळ शाळेचा टेपरेकॉर्डर, उसना कॅमेरा, उसना प्रोजेक्टर आणि दहावीची पोरं एवढंच होतं. विषय पोरांनीच ठरवला: गावात शिरलेला पैनगंगेचा पूर.

*

पहिलाच रोल वाया गेला. गजाननला फोटो आले की नाही ते बघायचं होतं, म्हणून त्यानं भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.

दुसरा रोल मिळेना. मग दवाखान्यातून जुने एक्स-रे आणले, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात धुतले, स्लाइडच्या मापाचे तुकडे कापून त्यावर शाईनं चित्रं काढली. एक तुकडा नीट धुतला गेला नाही. चाचणीच्या दिवशी भिंतीवर मारुतीचं देऊळ, पुराचं पाणी, आणि पाण्याखाली कोणाच्या तरी दोन बरगड्या.

हेडमास्तर उठून भिंतीजवळ गेले. "देवळाचा पाया मजबूत दिसून राह्यला," म्हणाले.

*

मुलाखती सुनंदाकडे होत्या. वर्गातली सगळ्यात हट्टी पोरगी. माझा नियम तिनं पक्का धरला होता: एकानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला विचारल्याशिवाय खरी धरायची नाही.

पुरात डोंगा, म्हणजे लहान होडी, चालवणाऱ्या महादूबाबाला तिनं बोलतं केलं, पण सेल उतरले होते आणि टेप सावकाश फिरत होती. नवे सेल टाकून ऐकलं, तर बाबाचा आवाज बारीक आणि घाईघाईचा.

महादूबाबानं कान देऊन ऐकलं. "मी बोललो ना? मंग बायकोचं काऊन घेतलं?"

मुलाखत पुन्हा घ्यावी लागली.

*

ती मुलाखत घेऊन मी आणि सुनंदा नदीवरून परत येताना पोलिसांची जीप थांबली. त्या काळात आमच्याकडे नक्षलवाद्यांच्या शोधात पोलीस कोणालाही उचलून न्यायचे. इन्स्पेक्टर तेलुगू. त्यानं टेप लावायला सांगितली.

महादूबाबा बोलू लागला, "ते अंधारात येते. आवाज नाई करत. घरात घुसल्यावरच कळते."

कॉन्स्टेबलला मराठी येत होती. त्यानं साहेबाला सांगितलं. साहेबाचा चेहरा बदलला. "एवरु?" कोण येतं?

सुनंदा म्हणाली, "नीळ्ळु, सार. पैनगंगेचं पाणी."

साहेबानं ती बाजू पूर्ण ऐकली, मगच कॅसेट परत दिली. जीपमध्ये चढता चढता कॉन्स्टेबल मला हळूच म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्याले सांगा, पाण्याचं नाव आधी घेत जा."

*

त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला महादूबाबानं कधी कोणाला न सांगितलेलं सांगितलं होतं. पुराच्या सकाळी शिवारात रामभाऊ गोठ्याच्या छपरावर अडकला होता. डोंगा जवळ गेला, पण धार अशी होती की बाबानं तो परत फिरवला. रामभाऊ गेला. त्याची बायको कौसाबाई गावातच राहत होती.

"सर, आता हे दुसऱ्या कोनाले विचारू?" सुनंदानं विचारलं. विचारायला कोणी उरलं नव्हतं.

वाजवायचं की नाही, हे निदान त्या दोघांना विचार, असं मी म्हटलं. महादूबाबा म्हणाला, "वाजवा. मी समोर बसतो." कौसाबाई म्हणाली, "लावा."

भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून शो सुरू झाला. अख्खं गाव वर्गात. त्या जागी टेप आली.

"मी डोंगा फिरवला. तो मागून ओरडून राह्यला होता. 'मले वाचव' असं नाई म्हणे. बैल सोड म्हणे, महादू, घरी बैल बांधून हायेत."

महादूबाबा समोरच बसला होता. कौसाबाई उठली आणि सरळ पुढं आली. काय होईल कळेना, मी त्या दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो. ती माझ्या बाजूनं टेबलापाशी गेली.

"तेवढंच लाव पुन्हा, पोरी."

सुनंदानं टेप मागं घेतली. पुन्हा लावली. कौसाबाईनं अजून एकदा लावायला सांगितली.

मग ती वाकली, टेपरेकॉर्डरच्या जाळीजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "मीनं सोडले होते, जी. पाणी घरात आलं तवाच सोडले होते."