घर एक, वात तीन

संधिवाताचा दवाखाना चालवला की बीपी वाढतं, ते पेशंटचं नव्हे, डॉक्टरचं! मी सांगलीहून दर गुरुवारी उंब्रजला येतो आणि डोकं धरून परत जातो. किस्से ढीगभर साठलेत. त्यातल्या एकाच घराचे सांगतो.

*

घरचे कर्ते रिटायर्ड सुभेदार. पायाचा अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. पंख्याचा वारासुद्धा सोसेना.

"लचकलाय ओ, डॉक्टरसाहेब."

"हा गाऊट आहे, सुभेदार, युरिक ॲसिडचा वात. मटण खाल्लंत?"

"खाल्लं की!"

"आणि सोबत रम?"

"आवं, फौजेचा कोटा हाय. वाया घालवायचा व्हय?"

*

त्यांची बायको आक्का. वयानं गुडघे झिजलेत, चालताना दुखतात, बसलं की बरं वाटतं. म्हटलं, वजन कमी करा, रोज व्यायाम करा.

"करीन की. आदी ते घोड्यावानी पळवणारं इंजेक्शन द्या!"

*

सून सविता तिशीच्या आतली. दोन्ही हातांची बोटं सुजलेली, सकाळी बराच वेळ मूठ वळत नाही. हा ऱ्हुमॅटॉइड. ही वयाची झीज नव्हे, शरीरच स्वतःच्या सांध्यांवर उठतं. वेळेत आवरलं नाही तर बोटं कायमची वाकडी. मी सविताला विचारत होतो आणि उत्तरं आक्का देत होत्या.

"सकाळी बोटं आखडतात का गं?"

"आखडत्यात की! बरुबर म्हशीची धार काडायच्या टायमाला!"

सविता पदराआड बोटं चोळत बसलेली. माझंच डोकं तापलं. तिला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहून दिली.

*

पुढच्या खेपेला सविताची सूज तशीच. उलट आक्काच तोंड आल्याची तक्रार घेऊन हजर!

"आठवड्यातनं एकदाच घ्याची, म्हंजी लय पावरबाज गोळी. तरण्या पोरीला कशाला? ती मी घेतली, माजी तिला दिली."

मी हात जोडले. "आक्का, तिची गोळी तुमच्या गुडघ्यांची नव्हे! तिच्यानंच तोंड आलंय. तुम्हा तिघांचे आजार वेगळे आहेत."

"घर एक, मग वात तीन कसं?"

शेवटी सोबत आलेल्या सुभेदारांवरच ओरडलो. "बॉर्डर सांभाळलीत ना? आता सुनेच्या गोळ्या सांभाळा!" त्यांनी बसल्या जागी सॅल्यूट ठोकला. गोळ्या फौजेच्या ट्रंकेत गेल्या, किल्ली जानव्यासारखी त्यांच्या गळ्यात.

*

काही महिन्यांनी तिघं आली.

"काय गं सविता, हात कसे आहेत?"

"तिला काय झालंय?" आक्का म्हणाल्या. "बरी हाय की. कामाचाच तेवडा..."

सवितानं उजव्या हाताची मूठ वळली. पुरती, घट्ट. ती टेबलावर ठेवली.

"आत्याबाई, थांबा. हात माजा हाय. मी सांगते."