पार्सलात नाणं, जीव टांगणीला

जुनी नाणी ऑनलाइन विकून आमच्यापैकी अजून कुणी श्रीमंत झालेलं नाही. पण किस्से? कपाटाचं दार उघडलं तर अंगावर कोसळतील एवढे साठलेत! नाणं एकदाच विकता येतं, किस्सा मात्र दर रविवारी नव्याने खपतो.

रविवार म्हणजे कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमधला बापटकाकांचा फ्लॅट. काका गार्डन रीचच्या जहाज कारखान्यातून रिटायर झाले आणि पुण्याला परत न जाता इथेच राहिले. दुसरा सुजितदा. पक्का बंगाली, मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदी. तिसरा मी, सेक्टर फाइव्हमधला आयटीवाला. नाण्यांचे फोटो काढून साइटवर टाकायचं काम माझं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं सुजितदाचं आणि गिऱ्हाइकावर संशय घ्यायचं बापटकाकांचं!

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. एक शिवराई नाशिकला पाठवायची होती. कुरियरच्या काउंटरवरच्या दादांनी विचारलं, आत काय आहे? काकांनी खरं ते सांगितलं.

"कॉइन माने करन्सी," दादा म्हणाले. "करन्सी नेही जाएगा. इन्शुरन्स तो एकदम नेही!"

काका तडकले. "अहो, कसली करन्सी? चलनातून जाऊन जमाना झाला! हे घ्या, समोरच्या टपरीवर जा आणि याच्यावर मातीच्या भांडातला एक चहा आणून दाखवा. मिळाला तर करन्सी म्हणा!"

दादांनी शिवराई हातात घेतली, उलटसुलट केली, टपरीकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. "नेही मिलेगा."

"मग?"

दादांनी पेन उचललं. "तो फिर व्हॅल्यू जीरो लिख दूँ?"

*

तेव्हापासून आम्ही शहाणे झालो. नाण्यांचा विमा उतरवणारा माणूस शोधला, त्याच्याकडून सगळ्या अटी समजावून घेतल्या. आग, पाणी, चोरी, गहाळ, सगळं कव्हर! आता कोण आपलं वाकडं करतो?

सुजितदाकडे एक तांब्याचं नाणं होतं. शतकभराचा काळपट रंग चढलेलं. दर्दी लोक त्या रंगाचेच पैसे देतात. चेन्नईच्या एका गृहस्थांनी फोटो बघून ते घेतलं. पार्सल पोचलं आणि तासाभरात त्यांचा फोन. "तुम्ही फ्रॉड आहात! फोटोत एक, डब्यात दुसरं!"

सुजितदा शपथा घेतोय, तेच नाणं आहे म्हणून. त्यांनी फोटो पाठवला. नाणं लग्नातल्या समईसारखं चमकत होतं!

झालं असं की, पॅकिंगच्या आदल्या दिवशी सुजितदाच्या आईने ते टेबलावर बघितलं. परगावच्या माणसाला असलं मळकं कसं पाठवायचं? माउलीने चिंच लावून लख्ख घासून ठेवलं. आणि सुजितदाने न बघता डब्यात घातलं!

नाणं परत आलं, पैसे परत गेले. सुजितदा विम्याचा कागद पुन्हापुन्हा वाचत बसला होता. शेवटी सुस्कारा टाकून म्हणाला, "आग है, पानी है, चोर है... माँ नेही है!"

*

खोटं बोलणारी गिऱ्हाइकं भेटतात का? भेटतात तर! एकाने कळवलं, डबा रिकामा निघाला, पैसे परत करा. आम्ही म्हटलं, डबा उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. दोन दिवसांनी व्हिडिओ आला.

काय अभिनय होता हो! साहेब टेप कापतात, झाकण उघडतात, आत बघून हादरतात, कपाळाला हात लावतात. आम्ही तिघं बघून हळहळलो. सुजितदा तर म्हणाला, बेचारा!

एवढ्यात व्हिडिओत मागून एका बाईंचा आवाज आला. "अजी, पहले वाला टेक ज्यादा अच्छा था!"

*

त्यानंतर काका कुणावरच विश्वास ठेवेनात. त्यातच 'मी आर्मीत आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे मिळतील' असे फोन यायला लागले. स्कॅन केलं की आपलेच पैसे जातात! दोन फोन काकांनी हाणून पाडले. तिसरा मराठीत आला.

"नमस्कार काका, मी सुभेदार. फोर्ट विल्यमहून बोलतोय. सातारचा आहे. तुमची शिवराई बघितली..."

"वा!" काका गरजले. "आता मराठीतसुद्धा शाखा उघडली का? लाज नाही वाटत, देशाच्या जवानाचं नाव घेऊन लुबाडायला? हिंमत असेल तर घरी या!" आणि पत्ता सांगून फोन आपटला.

रविवारी बेल वाजली. काकांनी दार उघडलं. दारात पूर्ण युनिफॉर्ममध्ये सहा फुटी माणूस, हातात संदेश मिठाईचा बॉक्स. काकांचा हात आपोआप कपाळाशी गेला. कडक सॅल्यूट!

सुभेदारसाहेबांनी तो तितक्याच कडकपणे परत केला आणि म्हणाले, "काका, क्यूआर कोड आणलेला नाही. रोख चालेल ना?"

*

आता काकांच्या रुपयाचं सांगतो.

कलकत्त्याच्याच टांकसाळीत पाडलेला चांदीचा जुना रुपया. काका नोकरीवर इथे आले तेव्हा पहिल्या पगारात घेतलेला. मुलाला नाण्यांत रस नाही. "माझ्यामागे तो कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये धूळ खात पडणार. त्यापेक्षा जिवंतपणी चांगल्या हातात देतो," असं म्हणून काकांनी तो विकायला काढला. नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने घेतला. बाई कित्येक वर्षं तोच शोधत होत्या.

पॅकिंग काकांनी एकट्याने केलं. मधेच थांबायचे, रुपया बाहेर काढून बघायचे, पुन्हा ठेवायचे. नीलाकाकू मला म्हणाल्या, "लेक सासरी पाठवताना तरी इतकं होत नाही रे!"

चार दिवसांनी नागपूरहून फोन. "बापटसाहेब, डबा रिकामा आहे हो."

बाईंनी व्हिडिओही पाठवला. एका दमात घेतलेला, कुठे कट नाही. काका म्हणाले, "बघा! कट नाही, हाच पुरावा! केवढी सफाई!" त्यांनी बाईंना फोन लावला. "मॅडम, शिक्षिका ना तुम्ही? शोभतं का हे?" पलीकडे बाई रडायला लागल्या. नीलाकाकू दिवसभर काकांशी बोलल्या नाहीत. काकांनाही जेवण जाईना. रुपया गेला तो गेलाच, वर माणूसही खोटं निघालं!

विम्याचा क्लेम टाकला. रविवारी कंपनीचे सर्वेयर मंडलबाबू घरी आले. अगदी सौम्य माणूस. सगळं ऐकून हिंदीत म्हणाले, "दादा, पॅक कसं केलंत ते जरा करून दाखवाल?"

काकांनी उत्साहाने बाह्या सरसावल्या. मंडलबाबूंकडे बघत बघतच ड्रॉवरमध्ये हात घातला. "समजा, हे ते नाणं. हे असं प्लॅस्टिकच्या डबीत. हा बटर पेपर, हा थर्माकोल. ही टेप, दुहेरी!" डबा तयार झाला. काकांनी तो मंडलबाबूंच्या कानाशी नेऊन गदागदा हलवला. "वाजतं का? सांगा, वाजतं का?"

"नाही वाजत," मंडलबाबू म्हणाले. "पण दादा, हे सॅम्पलचं नाणं एकदा बघू?"

काकांनी टेप कापली, डबी काढून दिली. मंडलबाबूंनी मोबाइलवर आमच्या साइटचा फोटो उघडला आणि डबीशेजारी ठेवला. मी वाकलो. सुजितदा वाकला. काकांनी चष्मा चढवला.

फोटोतला आणि डबीतला रुपया एकच! काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

काकांनी फोन उचलला. नागपूरचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, चोर सापडला."

"अगंबाई! खरंच? कोण हो?"

"बोलतोय!"