मायचं अर्धं अंगण

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. जालन्यात राहून बी.ए. केलं, मानसशास्त्र घेऊन. गावाकडं लोक विचारायचे, "त्यानं काय होतं? नौकरी लागती का?" नौकरी पुढं लागली. पण त्या शिक्षणाचा खरा उपयोग मी केला तो आमच्याच अंगणात, आणि ते सांगायला मला बिलकुल संकोच वाटत नाही.

मायला छातीचा कॅन्सर झाला. औरंगाबादला ऑपरेशन झालं, मग केमोच्या सुया सुरू झाल्या. परतूरहून रेल्वेनं जायचं, हाताला सुई लावून बाटलीतलं औषध घ्यायचं आणि परत यायचं. उलट्या काही दिवसांनी थांबायच्या, थकवा काही थांबायचा नाही. रात्रभर झोपूनही सकाळी माय म्हणायची, "अंगात कुणी वाळू भरली की काय!" डॉक्टर म्हणाले होते, हा थकवा नुसतं पडून राहून जात नाही, जमेल तेवढं हिंडू द्या, थोडं काम करू द्या. पण आमच्या गावात आजारी माणसानं काडी उचललेली दिसली, की लोक घरच्यांना नावं ठेवतात. म्हणून सगळ्यांनी मिळून तिच्या हातातलं सगळं काढून घेतलं. भाकरी, धुणं, अगदी लसूण सोलणंसुद्धा.

वर भेटायला येणाऱ्या बाया. खाटेजवळ बसून पदर डोळ्याला लावायच्या, "कशी होती अन् कशी झाली!" एकीनं तर आपली मावशी याच आजारानं कशी गेली ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, चहा पीत पीत. दुसऱ्या दिवसापासून मी दारातच सांगायला लागले, "थोडंच बसा. आजाराचं काढू नका, पिकापाण्याचं बोला." बाया जाताना म्हणायच्या, "लई शिकली बाई ही!" म्हणू देत. मायला दुपारी डोळा लागायला लागला.

तरी पुढच्या सुईची तारीख जवळ आली आणि मायनं मान फिरवली.

"मला न्हाई जायचं. गाडीत बसायची बी ताकद न्हाई. जेवढं हाये तेवढं इथंच सरू दे."

अर्ध्या सुया राहिल्या होत्या. मध्येच सोडलं तर आजार उलटेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. माझ्या वडलांनी, दादांनी, समजावलं, मी समजावलं. शेवटी तिनं खरं कारण सांगितलं.

"तुझी काकू माझं अंगण झाडून राह्यली. दिसत न्हाई का तुला? तिनं बी ओळखलंय, माझं काही खरं न्हाई."

आमचं आणि काकूचं घर समोरासमोर, मध्ये एकच अंगण, त्यात एक कडुलिंब. अर्धं अंगण मायनं झाडायचं, अर्धं काकूनं. मधली रेघ कुणी आखली नव्हती, पण दोघींना ती बराबर दिसायची. मी कळती झाले तेव्हापासून त्या लिंबाच्या गळलेल्या पाल्यावरून दोघी जावा रोज भांडायच्या. काकू धाकटी, म्हणून भांडतानाही मायला "आक्का, तुम्ही" म्हणायची. टोमणे मात्र मोठ्या जावेसारखे. माय आजारी पडली आणि काकू मधासारखी गोड झाली. दोन्हीकडचं अंगण गुपचूप झाडायला लागली. तिची माया खरी होती. पण मायला त्या झाडूच्या आवाजात आपलं मरण ऐकू यायचं.

मी काकूकडं गेले. म्हटलं, "काकू, उद्यापासून तुझंच अर्धं अंगण झाड. अन् पाला आमच्याकडं लोट."

"पोरी, शिकून डोकं फिरलं का तुझं? आजारी बाईशी भांडू? गाव थुंकंल माझ्यावर."

"थुंकू दे. ती सुई सोडून राह्यली. तुझं गोड बोलणं ऐकून."

काकू खाली बसली. मग कोपऱ्यातला खराटा ओढून दारापाशी ठेवला.

सकाळी मी मायची खाट ओट्यावर टाकली. काकूनं आपलं झाडलं आणि पाल्याचा ढीग हळूच इकडं सरकवला. माय नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ढीग पार ओट्याला लागला.

"दिसत न्हाई का गं?" माय म्हणाली. "डोळे गेले का तुझे?"

"लिंब तुमच्याकडं झुकलाय आक्का. पाला तुमचाच."

"लिंब सासऱ्यानं लावला, तुझ्या बापानं न्हाई!"

"बापावर जायचं न्हाई! माझ्या बापानं आंदणात गाय दिल्ती. तुमच्या बापानं काय, खराटा दिल्ता?"

हे मी शिकवलेलं नव्हतं. काकूला खराच राग आला होता. माय खाटेवरून उतरली, खराटा घेतला आणि झाडायला लागली. थोडं झाडून बसली. काकू चटकन पुढं झाली, तशी माय ओरडली, "हात लावशील तर बघ!" दम घेतला, पुन्हा उठली. पाला रेघेपलीकडं टाकूनच खाटेवर पडली.

थकवा गेला असं मी म्हणणार नाही. ती घामानं भिजली होती. पण त्या दिवशी तिनं भाकर मागून खाल्ली. पुढं आम्ही सकाळच्या ताकदीच्या वेळेत तिला हवं ते काम करू द्यायचो आणि पार दमायच्या आत आडवं करायचो. काकूला मी काय सांगितलं होतं ते मायला कळलंच असणार. काकूच्या पोटात काही राहत नव्हतं.

तारखेला माय तयार झाली. स्टेशनवर काकू पिशवी घेऊन हजर.

"तू कशाला आली?"

"मला औरंगाबादला काम हाये."

तिला तिथं कसलंच काम नव्हतं. दवाखान्यात बाकावर शेजारची एक बाई मायच्या डोक्याकडं बघून हळहळली, "अरेरे, केस पार गेले की!"

काकू म्हणाली, "केस गेले, तोंड हाये अजून. बोलून बघा, कळंल."

माय हसली नाही. आत नाव पुकारलं तशी उठली, काकूचा हात बाजूला सारला, आणि नर्सनं सांगायच्या आधीच बाही वर करून हात पुढं केला.